सत्तेचाळीस नंबरवरचा दुपट्टा

अमरावती, मुलींचं वसतिगृह
१४ जुलै २०२३

आबा,

सविनय जयभीम. तुमचे कान एसटीच्या इंजिननं नेले, म्हणून फोन नाही, पत्र लिहिते आहे. आजीला फोनवर सांगितलं असतं तर तिनं अर्धंच सांगितलं असतं आणि उरलेलं स्वतःच्या मनानं जोडलं असतं.

आबा, माझं नाव लागलं! आमच्या संस्थेचंच फार्मसी कॉलेज आहे ना, कारंजाच्या रस्त्यावर, पिवळ्या इमारतीचं? त्यांनी यंदा नवी योजना काढली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांमधून दहा जण आधीच निवडायचे. इथं दोन वर्षं शिकायचं आणि मग सरळ तिकडं. वेगळी परीक्षा नाही की फॉर्मची रांग नाही. पत्रात लिहिलंय, "जागा क्रमांक ४७ आपणासाठी १ ऑगस्ट २०२५ पासून राखीव." खाली दोन अटी आहेत. रसायनशास्त्रात दोन्ही वर्षांना साठ टक्के पाहिजेत, आणि पहिल्या दिवशी अकराच्या आत हजर व्हायचं. अट मोडली तर जागा रिक्त धरून दुसऱ्याला देणार.

हे जमलं नाही तर माझं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. बाबांनी पुण्याहून स्पष्ट सांगितलंय की मग त्यांच्याच कंपनीत पॅकिंगला लागायचं. मला पॅकिंग नको आबा. मला इंझोरीत आपलं मेडिकल टाकायचं आहे. आजीला शुगरच्या गोळीसाठी कारंजाची बस धरावी लागू नये, एवढंच मनात आहे.

गावात कुणाला सांगू नका. संघदीपकाकाला तर मुळीच नाही, तो लगेच फ्लेक्स लावेल.

तुमची,
पौर्णिमा

*

इंझोरी
२६ जुलै २०२३

चि. पौर्णिमा, जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून तुही आजी रडली, अन् मंग बस स्टँडवर जाऊन साऱ्याइले सांगून आली. संघदीपनं फ्लेक्स लावला. तुहा फोटो मोठा, माहा लहान, अन् त्याचा सोताचा सगळ्यात मोठा. मी काही करू शकलो नाही.

पन पोरी, मले एक गोष्ट पटून नाही राह्यली. आतापासून दोन वर्सं सीट राखीव, हे ठीक. पन त्या सीटवर बसून कोन हाये? कारंजा डेपोत मी एकतीस वर्सं कंडक्टरी केली. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरनारे मी हजारानं पाह्यले. रुमालाची मुदत पुढच्या स्टॉपवरोत. तिथवर मानूस चढला नाही तं रुमाल खाली अन् दुसरा मानूस वर. यात भांडन करून काही फायदा नसते, मीच किती भांडनं मिटवली. अन् तू म्हन्तं दोन वर्सं! तिकडून अमरावतीवरून कोनता रुमाल टाकला तुनं?

म्हनून मी सोमवारी त्या कॉलेजात गेलो. पह्यल्या वर्साच्या वर्गात बेंचाइवर नंबर टाकले हायेत. सत्तेचाळीस नंबर खिडकीपासी, पंख्याखाली. चांगली सीट हाये, चाकावरची नाही. मी गळ्यातला माहा हिरवा दुपट्टा काढून तिच्यावर टाकला अन् आलो. मंगळवारी पाहाले गेलो तं दुपट्टा खिडकीच्या गजाले टांगलेला, अन् एक पोट्टं बसलं होतं. प्रज्वल नाव. म्हने, "आबा, पंख्याखाली म्हनून बसलो."

पाह्यलं? एका दिवसात! दोन वर्सांत काय होईन?

म्हनून ठरवलं. उद्यापासून मी जातो. सकाळची आठ वीसची बस हाये. तू फक्त अभ्यास कर.

तुहा आबा,
पुंजाजी

*

अमरावती
३ ऑगस्ट २०२३

आबा!

हे काय चालवलंय तुम्ही? ती जागा बेंचावर नाही, कागदावर आहे. कॉलेजच्या ऑफिसात फाईल आहे, फाईलमध्ये यादी आहे, यादीत माझं नाव आहे. त्या बेंचावर कुणीही बसलं तरी माझी जागा जात नाही. ही एसटी नव्हे.

मैत्रिणींना मी सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की वॉर्डनबाई वर आल्या. मलाही हसू आलं, पण नंतर भीती वाटली. तुमच्यामुळं प्राचार्य चिडले आणि त्यांनी माझंच नाव काढलं तर?

दुपट्टा घेऊन घरी या. हात जोडते.

अभ्यास चांगला चालला आहे. रसायनशास्त्र जरा जड जातं, पण होईल.

पौर्णिमा

*

इंझोरी
३० सप्टेंबर २०२३

चि. पौर्णिमा, जयभीम.

तुह्या पत्रानं मी मुकाट्यानं ऑफिसात गेलो. तिथं मदनसिंग बाबू बसते. म्हनलं, माह्या नातीची सीट कागदावर हाये म्हन्तेत, तो कागद दाखवा. बाबू म्हने कागद फाईलीत. फाईल? कपाटात. कपाट उघडा. म्हने चाबी ज्याच्यापासी हाये तो मानूस रजेवर हाये. कधी येईन? म्हने त्याची बदली झाली.

आता सांग, कोनाचा भरोसा धरू, त्या कपाटाचा का बेंचाचा? बेंच तं मले दिसते. मी जाऊन बसलो.

दोन दिवस सर लोकं वर्गात आले अन् मले पाहून वापस गेले, त्याइले वाटलं तपासनीचा मानूस हाये. तिसऱ्या दिवशी प्राचार्यानं बोलावलं. मी सगळं सांगतलं. ते डोक्स्याले हात लावून बसले. म्हने, आजोबा, तुमाले उठवा लागन. मी म्हनलं, उठवा. पन मंग सत्तेचाळीस नंबर दुसऱ्याले देनार नाही असं लेखी द्या. लेखी कागदं तं कपाटात, अन् चाबी बदलीवर.

अन् तेवढ्यात खरी तपासनी आली! दिल्लीवरून दोघंजन. पोरी, कागदावर साठ पोट्टे अन् वर्गात एकतीस. प्राचार्याचं तोंड उतरून गेलं. मदनसिंग बाबूनं बाहीरून वॉचमन आनला, माळी आनला, कँटीनवाल्याचा भाऊ आनला, साऱ्याइले पांढरे ॲप्रन घातले. मले कोनी काही म्हनलंच नाही, मी तं आधीच बसलो होतो. पायजम्यावर ॲप्रन घातला मीनं. तुही आजी म्हन्ते की डॉक्टरच दिसतो.

तपासनीवाल्यानं नेमकं मलेच इचारलं, औषधात सगळ्यात पह्यले काय पाहा लागते? मी म्हनलं, तारीख. एकतीस वर्सं मी लोकाइच्या पासाची तारीख पाह्यली. अन् उठून वर्गातल्या फळीवरच्या तीन बाटल्या काढून त्याइच्या हातात देल्या, तिन्हीची तारीख गेलेली. साहेब इतका खुश झाला की त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. प्राचार्य मात्र खुर्चीवर बसले ते उठलेच नाही.

संध्याकाळी प्राचार्य म्हने, आजोबा, रोज येत जा. हजेरीत तुमचं नाव टाकतो. असं माहं नाव लागलं, रोल नंबर सत्तेचाळीस. विद्यापीठाच्या पेपरले मी नसन, कॉलेजच्या पेपरले असन.

तुही सीट आता पक्की. रसायन जड जाते म्हन्तं, तं मलेही जाते. आपन दोघं जोर लावू.

आबा

*

अमरावती
११ फेब्रुवारी २०२४

आबा,

जयभीम. पत्राला फार उशीर झाला. हिवाळी पेपर झाले. बरे गेले. निकाल लागेल तेव्हा लागेल.

एक विचारायचं होतं. समजा एखाद्या गरजू मुलीला ती सत्तेचाळीस नंबरची जागा दिली, तर? माझ्यापेक्षा हुशार मुली आहेत खूप. मला असं सहज वाटलं. तुम्हाला या उन्हात रोज जावं लागतं, तेही बरं वाटत नाही. दोन महिन्यांत कॉलेजला सुट्ट्याच लागतील, तेव्हा तुम्हीही थांबा.

इकडं येऊ नका, मला वेळ नसतो.

पौर्णिमा

*

इंझोरी
२० फेब्रुवारी २०२४

चि. पौर्णिमा, जयभीम.

तुहं मन मोठं हाये हे मले लहानपनापासून मालूम हाये. आसेगावच्या आत्याच्या पोरीले तुनं नवी चप्पल देऊन टाकली होती अन् अनवानी घरी आली होती. पन सीट चप्पल नव्हे. गरजूले आपन मेडिकलमधून औषध देऊ, सीट नाही देत. हा विषय बंद.

माहं सांगतो. पह्यल्या चाचनीत मले वीसपैकी चार पडले. बोर्डावर यादी लावली, सगळ्यात खाली पुंजाजी. प्रज्वलले वाटलं मले वाईट वाटन. म्हनलं, बाबू, एकतीस वर्सांत गाडी किती डाव फेल पडली मालूम हाये का? रस्त्यात उभी राह्यली म्हनून कोनी एसटी इकून टाकली नाही. खाली उतरतो, बोनेट उघडतो, धक्का देतो, चालू करतो. दुसऱ्या चाचनीत नऊ पडले.

आता मले समजते की बीपीची गोळी कुटून काहून खाऊ नये. तुही आजी दहा वर्सांपासून कुटून देत होती. परवा मी तिले सांगतलं तं म्हने, मंग आतापरेंत जिवंत कसे राह्यले? या प्रश्नाचं उत्तर अजून आमाले शिकवलं नाही.

आम्लं अन् अल्कली मले मस्त जमून राह्यले. एक सवारी चढली की एक उतरते, मोजून बरोबर झाली पाह्यजे, बस. तुले अडलं तं लिही, मी समजून सांगतो.

"वेळ नसते" हे मले थोडं लागलं. पन अभ्यास हाये, समजतो.

आबा

*

अमरावती
१२ जून २०२४

आबा,

हे पत्र मी चारदा फाडलं. आता सरळ लिहिते.

मी रसायनशास्त्रात नापास आहे. शंभरपैकी एकतीस. तुम्हाला फेब्रुवारीत पत्र लिहिलं तेव्हाच पेपर वाईट गेल्याचं मला माहीत होतं, आणि "बरे गेले" असं खोटं लिहिलं. गरजू मुलगी वगैरे काही नव्हतं. मला वाटलं जागा आपणच देऊन टाकली असं दाखवलं तर नापास झाल्याचं कुणाला कळणार नाही. अट मोडली आबा. जागा गेली.

मला तोंड दाखवायची लाज वाटते. गावात अजून तो फ्लेक्स आहे का? आजी म्हणाली पावसानं माझा चेहरा गेला आणि काकाचा तेवढा शाबूत आहे. निदान ते एक बरं झालं.

तुम्ही वर्षभर त्या बेंचावर बसलात, माझ्यासाठी ॲप्रन घालून, मुलांच्यात, लोकांचं हसणं सहन करून, आणि इकडं मी साध्या अभिक्रिया लिहू शकले नाही. मला खूप रडू येतं. बाबांनी पुण्याचं तिकीट काढायला सांगितलंय, पंधरा जुलैचं.

दुपट्टा घेऊन घरी या आबा. आता बसण्यासारखं काही राहिलं नाही.

पौर्णिमा

*

इंझोरी
१९ जून २०२४

पौर्णिमा,

जयभीम. पह्यले रडनं बंद कर अन् हे पत्र ध्यानानं वाच.

मले मालूम होतं. तुनं "बरे गेले" लिहिलं ना, तवाच समजलं. ज्याच्यापासी तिकीट नसते ना, तो मानूस असाच खिडकीबाहीर पाहून बोलते.

आता खरी बातमी. सोमवारी मदनसिंग बाबू वर्गात आला, हातात शेवटी कपाटातून निघालेलं तुह्या राखीव सीटचं पत्र अन् लाल पेन. तुहा निकाल अमरावतीवरून त्याले पोचला होता. म्हने, आजोबा, अट मोडली, जागा रिक्त झाली असं लिहा लागते. म्हनलं, लिहा. त्यानं पेन टेकवला अन् माह्याकडं पाह्यलं. मी बसलोच होतो. म्हने, तुमी उठा ना. म्हनलं, काहून उठू? माहा रोल नंबर हाये, हजेरी ब्यान्नव टक्के हाये. म्हने, मंग जागा रिक्त कशी लिहू, तुमी तं बसले हायेत? म्हनलं, तेच तं मी साऱ्याइले सालभर सांगून राह्यलो!

बाबू प्राचार्याकडं गेला. प्राचार्य म्हने, आजोबाले उठवलं तं पुढच्या तपासनीले एक डोकं कमी. दोघाइनं एक घंटा इचार केला, दोन कप चहा पेले, अन् शेवटी तुह्या पत्रावर लिहिलं, "जागा रिक्त नसल्याने रद्द करता येत नाही." खाली शिक्का मारला. त्याची नक्कल यासोबत पाठवतो, जपून ठेव.

अन् मी अटीचा कागद नीट वाचला. साठ टक्के पाह्यजे असं लिहिलं हाये. पह्यल्याच झटक्यात पाह्यजे असं कोठीच लिहिलं नाही. बाबूले दाखवलं, तो म्हने, खरंच की हो.

म्हनून पुन्याचं तिकीट वापस कर. तुह्या बापाले मी पत्र लिहिलं हाये, त्याले माहं पत्र आलं की तो अजूनही उभा राहून वाचते. पेपर पुन्हा दे. मी सीट धरली हाये, पन ध्यानात ठेव, मी कंडक्टर हावो. बिनातिकिटाचं मानूस मी माह्या सीटवर बसू देत नाही, नात असो का मंत्री. मार्कशीट आन अन् बस.

बाकी, मीही यंदा नापास झालो. वार्षिक पेपरात सगळ्यात खाली. दोस्तपोट्टे दुसऱ्या वर्साले गेले, मी पह्यल्यातच राह्यलो. बस स्टँडवर लोकं हासून राह्यले, तुही आजी त्याइले शिव्या देऊन राह्यली. तं नापास होनारी तू काही येकटी नाही. आपलं दोघाइचं सारखंच.

आबा

*

अमरावती
५ जानेवारी २०२५

आबा,

जयभीम. सहा महिन्यांत मी तुम्हाला नऊ प्रश्न पाठवले आणि तुम्ही नऊही समजावून दिलेत. माझ्या वहीत आता सगळ्या अभिक्रिया एसटीच्या भाषेत आहेत. इलेक्ट्रॉन चढतात, उतरतात, सुट्ट्यावरून भांडतात. आमच्या मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "ही कोणत्या लेखकाची पद्धत?" मी म्हणाले, कारंजा डेपोची.

निकाल लागला. मार्क पत्रात लिहीत नाही. मार्कशीट घेऊनच येईन. उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाचा पेपर आहे, तोही तसाच देणार आहे.

एकच वाईट वाटतं. तुम्ही मला इतकं छान शिकवता आणि स्वतः मात्र नापास होता. यंदा तुम्हीही पास व्हा ना.

पौर्णिमा

*

फार्मसी कॉलेज, पहिल्या वर्षाचा वर्ग, बेंच क्रमांक ४७
१ ऑगस्ट २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं

आबा,

मी आठ वीसच्या बसनं आले. आजी म्हणाली तुम्ही पहिल्याच गाडीनं पुढं गेलात. वर्गात आले तर तुम्ही नाही. बेंचावर फक्त हिरवा दुपट्टा. माझा जीव घाबरला, एवढी दोन वर्षं बसलेला माणूस नेमका आज कुठं गेला!

तेवढ्यात प्रज्वलदादा आला. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "आबा पलीकडच्या वर्गात आहेत. दुसऱ्या वर्षात गेले. यंदा वर्गात तिसरे आले." मला खरंच वाटेना. मी विचारलं, आणि गेल्या वर्षी नापास कसे झाले?

तेव्हा त्यानं सांगितलं. म्हणाला, "आबांना तेव्हाही सगळं येत होतं, आदल्या दिवशी त्यांनीच मला तीन प्रश्न समजावून दिले होते. पेपरात ते तीनही आले. मी लिहीत होतो आणि आबा कोऱ्या पेपरवर हात ठेवून तीन तास खिडकीबाहेर पाहत होते."

आबा, हे खरं आहे का? तुम्ही मला सांगितलंत, आपलं दोघांचं सारखंच आहे म्हणून.

सर वर्गात यायचे आहेत. ही चिठ्ठी प्रज्वलदादाच्या हाती पाठवते आहे, भिंतीपलीकडं. मी दुपट्ट्यावरच बसले आहे. डोळ्यांतलं पाणी काही थांबत नाही, आणि शेजारची मुलगी विचारते आहे की होमसिक वाटतंय का.

पौर्णिमा

*

(त्याच कागदाच्या मागं)

पोरी,

जयभीम. त्या प्रज्वलले मी सांगतलं होतं तोंड उघडू नको म्हनून. पोट्ट्याच्या पोटात काही राहत नाही.

हाव, खरं हाये. पास झालो असतो तं दुसऱ्या वर्गात जा लागलं असतं, अन् सत्तेचाळीस नंबर रिकामा झाला असता. अन् मदनसिंग बाबू लाल पेन घेऊन टपलेलाच होता. पाचही प्रश्न येत होते मले. लय जीवावर आलं, खोटं कायले बोलू. तिसरा प्रश्न तं इतका सोपा होता की हात नुसता शिवशिवत होता. शेवटी हात मांडीखाली दाबून बसलो.

यंदा तू येनार होती, म्हनून सगळा लिहिला. दोन पुरवण्या लागल्या.

दुसऱ्या वर्साले डोके कमी हायेत, प्राचार्यानं मले पुढं घेतलं. आता मी तुहा सीनियर हावो, रोज जयभीम घालत जा. दुपट्टा संध्याकाळी वापस दे, तुही आजी दोन वर्सांपासून त्याच्यासाठी माह्याशी भांडून राह्यली. खिडकीपासची काच बंद होत नाही, पाऊस आला की वह्या आतल्या बाजूनं ठेव.

अन् डोये पूस. दुपारच्या सुट्टीत गेटपासी उभा राहतो. मार्कशीट घेऊन ये. दोन वर्सं झाले, त्या सीटचं तिकीट मीनं अजून पाह्यलं नाही.

आबा